नवव्या इनिंगमधला दिवा

हार्लन फोर्ज, पेनसिल्व्हेनिया
६ जून २०२२

लॅडिस्लाव,

चव्वेचाळीस वर्षांनी तुझं पत्र आलं, आणि त्यात सख्ख्या बहिणीची तब्येत विचारायला तुला अर्धी ओळही सुचली नाही. तब्येत बरी आहे. गुडघा सोडला तर त्र्याहत्तराव्या वर्षी सगळं शाबूत आहे. डोळे तर विशेष.

पत्रासोबत तू एक मसुदा धाडलास. टंकलेखन तुझ्या मुलीचं दिसतं. ‘मी, ऑगस्टिना मिहालिक, लिहून देते की १३ ऑगस्ट १९७८ च्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये शॉर्टस्टॉपकडे गेलेला चेंडू हा हिट होता, आणि मी तो क्षेत्ररक्षकाची चूक म्हणून नोंदवला हे माझ्याकडून चुकलं.’ खाली सहीसाठी रेघ, आणि रेघेच्या सुरुवातीला पेन्सिलीची फुली, अंगठेबहाद्दरांना दाखवायला करतात तशी. सही केलेली नाही. स्वल्पविराम चुकीच्या जागी होते, ते लाल शाईनं दुरुस्त करून कागद परत पाठवते आहे. सिस्टर पर्पेचुआंच्या वर्गात असं वाक्य लिहिलं असतं तर बोटांवर पट्टी बसली असती.

तू विचारतोस, डेल हॅक्सबीचा फलक खरंच लावतायत का. लावतायत. येत्या तेरा ऑगस्टला, मैदानाच्या दारात, चांगला कांस्याचा. या गावातल्या क्लबच्या इतिहासातला एकमेव नो-हिटर. गेल्या आठवड्यात वर्तमानपत्रातून एका मुलीचा त्यासाठी फोन आला. तिला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून तिला ही बातमी दिली असणार.

“नो-हिटर म्हणजे हॅक्सबी हरले नाहीत, असं ना?”

“हरण्या-जिंकण्याशी संबंध नाही, बाई. नऊच्या नऊ इनिंगमध्ये समोरच्या एकाही फलंदाजाला स्वतःच्या फटक्यावर बेस गाठू द्यायचा नाही; तसा गाठला तर तो हिट. भले भले पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, म्हातारे होतात आणि त्यांना तो एकदाही मिळत नाही.”

“पण त्या दिवशी एक फलंदाज पोचला होता, असं इथे लिहिलंय.”

“पोचला, कारण आमच्याच शॉर्टस्टॉपच्या, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या, हातून चेंडू निसटला. ती क्षेत्ररक्षकाची चूक. फलंदाजाला श्रेय नाही आणि पिचरला डाग नाही.”

“आणि तो फटका चांगला होता की चूक झाली, हे कोण ठरवतं?”

“मी.”

 हे उत्तर द्यायला मला आवडलं, लपवत नाही. सव्वीस उन्हाळे मी या क्लबची अधिकृत नोंदकर्ती होते. सकाळी कचेरीत जमिनींची दस्तनोंदणी, दुपारनंतर मैदानावर. दोन्हीकडे मी जे लिहीन ते खरं.

ती चूक तुझ्या नावावरची त्या मोसमातली एकोणतिसावी होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर ऑटिस बर्चनं तुला बॅग भरायला सांगितलं, हे मी विसरलेले नाही. पण त्याआधीच्या अठ्ठावीस चुकाही मीच लिहिल्या होत्या. त्यातल्या एकीबद्दलही तू कधी पत्र पाठवलं नाहीस.

ऑगस्टिना


हार्लन फोर्ज
२७ जून २०२२

लॅडिस्लाव,

तर आता फुप्फुसं. तुझ्या मुलीनं, कोरिननं, तुझ्या पत्राच्या मागे स्वतःच्या अक्षरात लिहिलंय की डॉक्टर पानगळीपलीकडचं बोलत नाहीत. तिचं अक्षर चांगलं आहे, स्वल्पविरामांचं काय ते असो. नळी लावून तिकडे अ‍ॅरिझोनाच्या उन्हात बसला असशील. वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून हिट होत नाही.

तू म्हणतोस, कोरिननं कॉम्प्युटरवर तुझं नाव शोधलं तर तुझ्या सात वर्षांच्या बेसबॉलमधलं एकच वाक्य निघतं: ‘नवव्या इनिंगमधील मिहालिकच्या चुकीमुळे हॅक्सबीचा निर्दोष सामना हुकला, पण नो-हिटर वाचला.’ आणि मरण्याआधी ते वाक्य पुसलेलं बघायचंय. सरळ मागणं आहे. मीही सरळ सांगते, काय झालं होतं.

रविवार, दुपारचा सामना. पाचव्या इनिंगपासून पत्रकारांच्या खोलीत कुणी तो शब्द उच्चारला नव्हता, रीतच तशी. नाव घेतलं की मोडतो. रेडिओवाला क्लेम पर्डी तर ‘पाहुण्यांच्या खात्यात अजून फारसं काही नाही’ असं आडून आडून बोलत होता. हॅक्सबी बाकाच्या टोकाला एकटा बसलेला, आणि महारोगी असावा तसे तुम्ही सगळे त्याच्यापासून दूर. जो जे करत होता त्यानं ते करत राहायचं, जागा बदलायची नाही, म्हणून मी सहाव्या इनिंगपासून स्वच्छतागृहात गेले नव्हते. तुला हसू येईल. तेव्हा मला येत नव्हतं.

नववी इनिंग, एक बाद. फटका जमिनीवरून तुझ्याकडे आला. तुझ्या डाव्या हाताला दोन पावलं, शेवटची उसळी जरा उंच, हातमोज्याला लागला, निसटला, तू गुडघ्यावर. फलंदाज पहिल्या बेसवर उभा. क्लेमनं माईकमध्ये सांगूनही टाकलं, “हिट आहे, मंडळी, आणि गेलं बिचाऱ्याचं.” चार हजार माणसं वळून वर माझ्या खिडकीकडे बघत होती. माझ्या हाताशी दोन बटणं. एकानं धावफलकावर हिटचा दिवा लागतो, दुसऱ्यानं चुकीचा.

आणि तू उभा राहून, उघड्या हातानं, छातीवर दोनदा थोपटलंस. माझं चुकलं.

ते मी पाहिलं. चार हजार जणांनी पाहिलं. मी दुसरं बटण दाबलं.

आता तू म्हणशील, नवव्या इनिंगमध्ये आपल्या पिचरचा नो-हिटर वाचत असेल तर प्रत्येक शॉर्टस्टॉप छाती थोपटतो, चूक असो वा नसो; ते सौजन्य असतं, आणि नोंदकर्त्यानं तिकडे बघायचं नसतं, चेंडूकडे बघायचं असतं. ते मला शिकवू नकोस. मी चेंडूकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू घरी आलास ते आठवतं का? नोंद बदलायला मला चोवीस तास असतात, त्यातला एक तास उरला होता.

“गुस्ती, पाचपर्यंत वेळ आहे. बदल.”

“मी पाहिलं ते लिहिलं.”

“पाहिलंस?”

“पाहिलं.”

“बरं,” म्हणालास, आणि आईनं प्रवासासाठी बांधून दिलेले पिरोही, तिच्या हातचे ते बटाटा भरलेले मोदक, तिथेच टेबलावर ठेवून गेलास. आई तीन दिवस त्या पुडीला हात लावत नव्हती. शेवटी मी फेकले. नंतर एकदम तिच्या दफनविधीला उगवलास, खड्ड्याच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिलास आणि पाद्र्याशी हात मिळवून निघून गेलास. तेव्हा माझ्याकडून कसली सही हवी होती?

आणि हो, तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीला उत्तर. मी डेल हॅक्सबीवर भाळले होते की नाही हा सामन्याच्या नोंदीचा विषय नाही.

ऑगस्टिना


हार्लन फोर्ज
११ जुलै २०२२

लॅडिस्लाव,

शनिवारी हॅक्सबी येऊन गेला.

मी त्याला बोलावलं नव्हतं. दारात उभा, हातात चॉकलेटचा डबा, दात सगळे नवे. तू त्याला ओळखणार नाहीस. तो उंच, सडपातळ, चेंडू टाकण्याआधी टोपीखालून आपल्याच मैदानावर उपकार केल्यासारखा बघणारा हॅक्सबी गेला. त्याच्या जागी श्रवणयंत्रं विकणारा एक गोल गृहस्थ आलाय. स्वतःचं यंत्र मात्र घालत नाही.

“गस्टी,” म्हणाला. मला गस्टी म्हणणारा तो जगातला एकटा. “तेराला माझ्या शेजारी बसायचंस. मंचावर. नाही म्हणायचं नाही.”

“माझं काय काम तिथे? चेंडू तू टाकलेस.”

“मी टाकले, पण वाचवलं कुणी?” आणि लाडी, त्यानं मला डोळा मारला. माझ्या स्वयंपाकघरात, माझी कॉफी पीत. “तो तर साधा सरळ हिट होता, गं. आंधळ्यालाही दिसला असता. मी तर मान खाली घातली होती, म्हटलं संपलं. वर बघतो तर दिवा चुकीचा.”

“मी जे पाहिलं ते लिहिलं,” मी म्हणाले.

“हो, हो, तेच म्हण. तेराला पण तसंच म्हण.” आणि हसला. “बाकावर आमचं ठरलंच होतं. ऑटिस म्हणायचा, डेल, जरा इकडेतिकडे झालं तर घाबरू नकोस, वर खिडकीत तुझी नन बसलीय. आम्ही तुला नन म्हणायचो, माहितीय ना? म्हणून तर मी सामन्याआधी वर बघून टोपी उचलायचो. तुला बरं वाटायचं, आणि माझं काय जात होतं?”

“लाडीचं गेलं.”

“लाडी?” त्याला खरोखर आठवावं लागलं. “अरे हो, तुझा भाऊ. तो तसाही त्या वर्षी गेलाच असता. कसा आहे?”

“मरतोय.”

“अरेरे,” म्हणाला, आणि दुसरं चॉकलेट घेतलं. माझ्याच डब्यातून.

मी त्याला हाकललं नाही. तसं लिहायला मला आवडलं असतं. मी त्याला दारापर्यंत सोडलं, जिन्यावर जपून उतर म्हणाले, मग ती टोपी काढली. ती, त्या दिवशीची. सामना संपल्यावर त्यानं वर माझ्याकडे भिरकावली होती आणि क्लेमनं खिडकीतून झेलून मला दिली होती. चव्वेचाळीस वर्षं ती टिश्यू पेपरात गुंडाळून कपाटात होती. तुझ्या प्रश्नाचं हे उत्तर. आता ती कचऱ्यात आहे, बटाट्याच्या सालींखाली.

ऑगस्टिना


हार्लन फोर्ज
१४ जुलै २०२२

लाडी,

परवापासून झोप नाही. हे पत्र तू एकट्यानं वाच, कोरिनला वाचायला देऊ नकोस. दिलंस तरी आता काय.

गेल्या महिन्यात मी तुला त्या चेंडूचं वर्णन लिहिलं. डाव्या हाताला दोन पावलं, शेवटची उसळी उंच. ते क्लेमचं होतं. रेडिओच्या ध्वनिफितीवरून मी ते पाठ केलं आहे, लहानपणी आपण चर्चची प्रश्नोत्तरी पाठ करायचो तसं.

मी पाहिलं नाही.

नववी इनिंग, एक बाद, आणि मला तो नो-हिटर दुसऱ्या कशाहीपेक्षा जास्त हवा होता. सिस्टर पर्पेचुआ सांगायच्या, मुलींनो, एखादी गोष्ट मनापासून मागायची असेल तर डोळे मिटून मरियेला मागा. उघड्या डोळ्यांनी मागणारा सौदा करतो. सव्वीस उन्हाळ्यांत, हजारांवर सामन्यांत, एक चेंडू मी डोळे मिटून घालवला. बॅटचा आवाज ऐकला. लोकांचा हुंकार ऐकला. क्लेम ‘हिट’ म्हणाला तेव्हा डोळे उघडले तर चेंडू गवतात पडलेला आणि तू छाती थोपटत होतास.

लहानपणी खिडकीची काच फुटली, मधाची बरणी फुटली, माझ्या हातून फुटली तरी तू छाती थोपटायचास आणि बाबांचा पट्टा खायचास. मला सवय होती. तू थोपटलंस, मी लिहिलं. बटण दाबायला मला एक श्वासही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी तू ‘पाहिलंस?’ विचारलंस तेव्हा मी हो म्हणाले. नाही म्हणाले असते तर तुझी नोकरी कदाचित राहिली असती, पण माझी खुर्ची गेली असती. एक बाई त्या खुर्चीवर बसते हे सहन न होणारे लोक प्रत्येक सामन्याला माझ्या मागे उभे असायचे. मी मोजून घेतलं आणि तुला जाऊ दिलं. नंतरची एकवीस वर्षं मी पापणी न लवता बसले. त्याचं बक्षीस म्हणून तो इसम माझ्या घरी येऊन मला सांगतो की मी त्याच्यासाठी खोटं बोलले. मी कुणासाठी खोटं बोलले नाही, लाडी. मी तिथे हजरच नव्हते.

तेव्हा तुला हवा तो शब्द माझ्याकडे नाही. पण क्लेम हिट म्हणाला, हॅक्सबी हिट म्हणतो, तू म्हणतोस. तिघांनी पाहिलं आणि मी नाही. म्हणून तुझा मसुदा, स्वल्पविराम दुरुस्त करून, पुन्हा टाइप केला आणि सही केली. एक प्रत तुला, एक लीगच्या नोंदींच्या कचेरीला, एक क्लबला. दुपारीच टपालात टाकल्या, मन बदलायच्या आत.

डोळे मिटल्याचं त्यांना कळवलेलं नाही. ते फक्त तुझं.

गुस्ती


हार्लन फोर्ज
३ ऑगस्ट २०२२

लाडी,

कोरिननं फोनवर सांगितलं की आता तू बराच वेळ झोपलेला असतोस, पण आवाज कळतो. कोरिन, हे त्याच्या उजव्या कानाशी वाच. डावा कान एकोणीसशे एकाहत्तरपासून कामातून गेलाय, चेंडू लागून. आणि सावकाश वाच, स्वल्पविरामाला थांबून.

तुझं उत्तर मिळालं. तुझ्या हातचं, ओळी उताराला लागलेल्या. मी ते इतक्यांदा वाचलंय की आता कागद न बघता लिहू शकते.

‘गुस्ती, डोळे मिटले होतेस हे तेव्हाच बोलली असतीस तर मीच तुला सांगितलं असतं. सोपा चेंडू होता. दोन्ही हातांत येत होता. मी मान वर करून पळणाऱ्याकडे बघितलं, तो लंगडत होता, वाटलं भरपूर वेळ आहे. हातमोज्याच्या मनगटाकडच्या कडेवर आपटून खाली पडला. क्लेमला त्याच्या खिडकीतून फक्त माझी पाठ दिसत होती, आणि डेलची मान खाली होती. छाती थोपटली ती चूक माझी होती म्हणून. दुसऱ्या दिवशी मी तुला खोटं लिहिलंस असं म्हणालो नव्हतो. बदल म्हणालो होतो. तू एवढी शिकलेली, तुला त्यातला फरक कळायला हवा होता. डेलसाठी अख्खं गाव खोटं बोललं असतं. माझ्यासाठी बोलू शकणारी तू एकटी होतीस. आता बोललीस. उशीर केलास, पण बोललीस. आभार मानत नाही.’

मानूही नकोस.

म्हणजे मी डोळे मिटून दाबलेलं बटण बरोबर होतं. आणि डोळे उघडून केलेली सही खोटी. सिस्टर पर्पेचुआ जिवंत असत्या तर यावर मला त्यांच्याकडून उत्तर हवं होतं.

तू मला चव्वेचाळीस वर्षं खोटारडी समजतोस असं मी धरून चालले, आणि तू मला खोटारडी नसल्याची शिक्षा देत होतास. असला हलकट हिशोब बाबांनाही जमला नसता. त्यांचा पट्टा निदान त्याच दिवशी संपायचा.

आता इथली बातमी ऐक. क्लबनं फलक थांबवलाय. वर्तमानपत्रातल्या त्या मुलीनं पहिल्या पानावर छापलं: ‘नो-हिटर नव्हताच, नोंदकर्तीची कबुली.’ स्वल्पविराम बरोबर होता. हॅक्सबी सोमवारी आला होता. चॉकलेट नव्हतं. ओट्यावरच उभा राहिला, मी जाळीचं दार उघडलं नाही.

“गस्टी, हे काय केलंस? मी आयुष्यात एवढंच केलंय.”

“तूच म्हणालास ना, आंधळ्यालाही दिसला असता?”

“मी बघितलं कुठे होतं? मला वाटलं. मी नुसता बोललो गं. तुला बरं वाटावं म्हणून बोललो.”

आणि तो रडला, लाडी. बहात्तर वर्षांचा माणूस, माझ्या ओट्यावर, नव्या दातांनी. तो खरं काय गमावून रडतोय हे त्याला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. त्या दिवशी त्यानं नऊ इनिंग टाकल्या आणि एकालाही हिट मिळू दिला नाही. खराखुरा नो-हिटर होता. हे आता पृथ्वीवर दोघांनाच ठाऊक आहे, आणि त्यातला एक पानगळीपर्यंत आहे. कोरिन, तूही ऐकलंस. तू विसरून जा.

लीगच्या कचेरीतून काल एका सभ्य बाईंचा फोन आला. मिस ओडेल. जुन्या नोंदी बदलत नाहीत म्हणाल्या, पण यादीत हॅक्सबीच्या नावापुढे खूण करून खाली तळटीप टाकतील, आणि तिच्यात तुझ्या चुका अठ्ठावीस लिहितील. मग आवाज मऊ करून म्हणाल्या, “आजी, इतक्या वर्षांनी आठवणीत गोंधळ होतोच. तुम्हाला पत्र मागे घ्यावंसं वाटलं तर शुक्रवारी सकाळी मी पुन्हा फोन करते. फलक लावायला अजून वेळ आहे. एक शब्द बोललात तरी पुरे.”

नोंद बदलायची मुदत, पुन्हा. या वेळी चोवीस तास नाहीत, दोन दिवस आहेत.

मी खूप विचार केला असं लिहिणार होते, पण आपल्यात आता खोटं पुरे. विचार केला नाही. शुक्रवारी मिस ओडेलचा फोन आला की मी सांगणार आहे की शेवटची उसळी खड्ड्यावरून उडाली, चेंडू तुझ्या खांद्यावरून गेला, हातमोज्याला लागलाच नाही. कुठल्याही शॉर्टस्टॉपला मिळाला नसता. त्यांनी विचारलं, आजी, तुम्ही नक्की पाहिलंत ना, तर म्हणेन, पाहिलं. तुला म्हणाले होते त्याच आवाजात.

झोप आता.

गुस्ती